मोरवेलीची विलायती बहीण

सह्याद्रीतील मोरवेल आपण पाहिली असेल. क्लेमॅटिस ही तिचीच विलायती बहीण. रॉबर्ट फॉर्च्यूनने १८५० साली चीनमधून मोठ्या फुलांची एक जात इंग्लंडास धाडली. वोकिंगच्या जॅकमन यांनी १८५८ मध्ये जुन्या युरोपीय वेलीच्या वंशजांशी तिचा संकर केला. १८६२ त गडद जांभळी फुले आली नि बागवानांना वेडच लागले! पण १८८० नंतर मर रोगाने रोपवाटिकांना ग्रासले. हिरवीगार वेल दोन-चार दिवसांत काळी पडे. म्हणून रोप खोल लावावे. वरचा भाग मेला तरी मातीखालच्या डोळ्यांतून फूट येते. मुळांना सावली, शेंड्याला ऊन हवे. आम्हांला कौतुक वाटते ते लहान फुलांच्या त्या जुन्या युरोपीय वेलीचे. तिला हा रोग क्वचितच शिवतो.