फेसलिफ्ट : शस्त्रक्रिया काही तासांची, विश्रांती तीन आठवड्यांची

वाढत्या वयाबरोबर चेहऱ्याची कातडी सैल होते, गालांतील मेदाच्या गाद्या खाली सरकतात, जबड्याची रेषा पुसट होते आणि गळ्याखाली कातडीचा पदर लोंबू लागतो. ही सैल झालेली कातडी व तिच्याखालील थर पुन्हा वर ओढून बसविण्याच्या शस्त्रक्रियेस ‘फेसलिफ्ट’ म्हणतात. वैद्यकीय परिभाषेत तिला ‘ऱ्हिटिडेक्टमी’ असे नाव आहे. चित्रपट व दूरचित्रवाणीतील नटनट्यांपुरती समजली जाणारी ही शस्त्रक्रिया आता मध्यमवर्गातील निवृत्त शिक्षिका, व्यावसायिक आणि बँक अधिकारीही करून घेऊ लागले आहेत. जाहिरातींत मात्र शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे अशी दोनच छायाचित्रे असतात. त्या दोहोंमधले दिवस कसे जातात, हे रुग्णाला पुष्कळदा शस्त्रक्रिया झाल्यावरच कळते.

सर्वप्रथम, या शस्त्रक्रियेने काय साधते आणि काय साधत नाही, हे स्पष्ट असावे. जबड्याच्या कडेवर उतरलेले मांस, मानेवरील सैल पट्टे आणि गालांचा उतार यांत तिने ठळक सुधारणा होते. नाकाच्या बाजूने ओठांच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या घड्या काहीशा उथळ होतात, नाहीशा होत नाहीत. कपाळावरील आठ्या, पापण्यांखालील पिशव्या, ओठांभोवतीच्या बारीक रेषा आणि वांगाचे डाग यांवर फेसलिफ्टचा परिणाम होत नाही. त्यांचे उपचार निराळे आहेत. चेहरा दुसऱ्याच कोणाचा तरी होईल, संसारातील बेबनाव मिटेल किंवा हुकलेली बढती मिळेल, अशा अपेक्षेने आलेल्या व्यक्तीला अनुभवी शल्यविशारद बहुधा परत पाठवितो, आणि तेच योग्य होय.

पुण्याचा जुना वारसा

‘प्लास्टिक सर्जरी’ या नावातील ‘प्लास्टिक’ बादल्या-डब्यांचे नव्हे. ‘आकार देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे. या शास्त्राच्या आधुनिक इतिहासात पुणे परिसराचे नाव ठळकपणे येते. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या ‘कावसजी’ नामक मराठी माणसाचे नाक व एक हात टिपू सुलतानाच्या कैदेत कापला गेला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक घडविले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तीच पद्धत यशस्वी केली.

त्या वृत्तांतातील शुश्रूषेचा भाग आजही वाचण्याजोगा आहे. जखमेवर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या एकावर एक लावल्या, चार दिवस त्यांना हात लावला नाही, नंतर तुपात भिजविलेली फडकी ठेवली. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. आणि कपाळाशी जोडलेला कातडीचा देठ सुमारे पंचविसाव्या दिवशी तोडायचा. भूल नव्हती, प्रतिजैविके नव्हती. पण हलविलेल्या कातडीला रक्तपुरवठा हवा आणि तो स्थिर होईपर्यंत रुग्णाने धीर धरला पाहिजे, ही समज पक्की होती. फेसलिफ्टचे यशही याच दोन गोष्टींवर अवलंबून असते.

पूर्वतयारी

फेसलिफ्टमध्ये कातडी खालच्या थरापासून दूरवर सुटी केली जाते, त्यामुळे तिचा रक्तपुरवठा काही काळ नाजूक राहतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि कानाभोवतीची कातडी काळी पडून मरण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणून निदान चार आठवडे आधी आणि तितकेच नंतर धूम्रपान पूर्ण बंद ठेवावे लागते. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर देणाऱ्या अनेक स्त्रिया रोज सकाळी मिश्री लावतात. तंबाखूची मळणी करणाऱ्या पुरुषांनाही आपण धूम्रपान करीत नाही याचे समाधान असते. रक्ताच्या दृष्टीने यांत फरक नाही. मिश्री, तंबाखू, गुटखा हे सारे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके, ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि काही वनौषधी यांनी रक्तस्राव वाढतो. त्या साधारण दोन आठवडे आधी थांबवितात. मात्र हृदयविकारासाठी सुरू असलेली गोळी हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय परस्पर बंद करू नये. रक्तदाब व मधुमेह काबूत असणे अत्यावश्यक आहे. पूर्वी जखमेचे व्रण गाठाळ झाले असतील, तर तेही आधी दाखवावे, कारण सावळ्या त्वचेत जाड व्रण आणि काळसर डाग यांची शक्यता अधिक असते.

शस्त्रक्रिया

पूर्ण भूल देऊन किंवा गुंगीच्या औषधासह स्थानिक भूल देऊन ही शस्त्रक्रिया करतात. व्याप्तीनुसार तिला दोन ते पाच तास लागतात. छेद कानशिलाजवळच्या केसांतून निघून कानाच्या पुढून पाळीखाली वळतो व कानामागून मानेवरच्या केसांत जातो. मानेसाठी हनुवटीखाली आणखी एक लहान छेद घेतात. एके काळी केवळ कातडीच ताणून शिवली जाई. त्यामुळे चेहरा वाऱ्याच्या झोतात उभा असल्यासारखा ओढलेला दिसे आणि ताणाखाली व्रणही रुंदावत. कातडीखालच्या स्नायू-आवरणाच्या थराचे शास्त्रशुद्ध वर्णन मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी १९७६ मध्ये केले. तेव्हापासून ओढ या खालच्या थराला देऊन कातडी वर नुसती अलगद बसविण्याकडे कल झाला. आजचे चांगले फेसलिफ्ट ओळखू येत नाही, ते यामुळेच.

घरी परतल्यावर

पहिले चोवीस तास सर्वांत जोखमीचे. कातडीखाली रक्त साठून गाठ होणे, ही या शस्त्रक्रियेतील सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत. ती बहुधा पहिल्या दिवसातच होते आणि पुरुषांत व उच्च रक्तदाब असणाऱ्यांत तिचे प्रमाण अधिक असते. चेहऱ्याच्या एकाच बाजूला अचानक वाढलेली कळ, ताण आणि सूज ही तिची खूण. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन सकाळची वाट पाहत बसू नये. साठलेले रक्त तातडीने काढावे लागते, अन्यथा वरची कातडी मरते.

बाहेरगावच्या रुग्णांचा प्रश्न येथेच उभा राहतो. उदाहरणार्थ, पुणे-सातारा महामार्गावर जेथून भोरकडे आणि सासवड-नारायणपूरकडे रस्ते फुटतात, त्या कापूरहोळहून पुणे सुमारे ४० किलोमीटर आहे. दिवसा हे अंतर मोठे वाटत नाही. पण रात्री दोन वाजता एक गाल फुगू लागला, तर तेच अंतर, मधली वाहतूक आणि वाहनाची शोधाशोध यांत मोलाचे तास जातात. भोर-वेल्ह्याच्या आतल्या गावांची तर गोष्टच सोडा. त्यामुळे पहिली रात्र रुग्णालयात आणि पुढचे दोन-तीन दिवस शहरातच नातेवाइकांकडे काढणे शहाणपणाचे. पहिल्या आठवड्यात ड्रेनच्या नळ्या, पट्टी आणि टाके यांसाठी दोन-तीन खेपा होतातच.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वाधिक असते. डोके उशांवर उंच ठेवून उताणे झोपावे लागते. काळेनिळेपण गालांवरून हळूहळू मानेवर व छातीकडे उतरते. ते पाहून घाबरण्याचे कारण नाही, रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली सरकत असते. वेदना सहसा अपेक्षेपेक्षा कमी आणि ताण अपेक्षेपेक्षा अधिक जाणवतो. भाकरी, ऊस, सुपारी असे चावण्याचे पदार्थ टाळून मऊ भात, खिचडी, सूप यांवर आठवडा काढावा. डोक्यावरून घालायचे कपडे नकोत. पुढून उघडणारा सदरा किंवा गाऊन बरा. खाली वाकून केर काढणे, पाण्याचा हंडा वा नातवंड उचलणे, जोर करून शौचास बसणे यांनी चेहऱ्याकडील रक्तदाब वाढतो. घरातल्या स्त्रीने शस्त्रक्रिया करून घेतली असेल, तर या दिवसांत स्वयंपाकघर दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला हवे, ही बाब शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्यापूर्वीच घरात बोलून घ्यावी.

कानापुढचे टाके पाच ते सात दिवसांनी आणि मागचे त्यानंतर काही दिवसांनी काढतात. याच सुमारास बहुतेकांना उदासी गाठते. आरशातला चेहरा सुजलेला, दोन्ही बाजू असमान, हसू वाकडे. ‘कुठून ही अवदसा आठवली’ असे वाटू लागते. ही अवस्था इतकी नेहमीची आहे, की तिची कल्पना डॉक्टरांनी आधीच द्यायला हवी. दोन ते तीन आठवड्यांत चारचौघांत जाण्याजोगा चेहरा होतो. व्यायामाला चार ते सहा आठवडे थांबावे लागते. पुण्याच्या दुचाकीस्वारांचा आवडता घट्ट स्कार्फ आणि हेल्मेट या काळात कानाभोवतीच्या कोवळ्या कातडीवर दाब देतात, म्हणून दुचाकी दूरच ठेवावी. जड कर्णफुले काही महिने नकोत. गाल व कानाची पाळी यांना महिनोन्महिने बधिरपणा राहू शकतो. केस वाळविण्याचे यंत्र किंवा कढत पाणी यांचा चटका अशा वेळी जाणवत नाही आणि नकळत भाजते. उन्हापासून जपणे तर वर्षभर आवश्यक, कारण ताजे व्रण उन्हाने काळे पडतात. अंतिम स्वरूप तीन ते सहा महिन्यांनी दिसते. व्रण फिके पडायला वर्ष लागते.

रक्ताच्या गाठीखेरीज जंतुसंसर्ग, छेदाजवळचे केस गळणे, कानाची पाळी खाली ओढली जाणे हेही धोके आहेत. चेहरा हलविणाऱ्या चेतातंतूला धक्का लागून भुवई किंवा ओठाची एक बाजू लुळी पडू शकते; हे बहुधा तात्पुरते असते, कायमचे क्वचितच. पुरुषांत दाढीची कातडी कानाच्या दिशेने सरकते आणि पूर्वी जेथे वस्तरा लागत नव्हता तेथे तो लावावा लागतो. सर्वसाधारणपणे परिणाम सात ते दहा वर्षे टिकतो, म्हणजे वय थांबत नाही, घड्याळ काहीसे मागे नेले जाते इतकेच.

गरज कोणाची?

फेसलिफ्ट ही केवळ हौस आहे, या समजाला पुण्यातच एक मोठा अपवाद घडला. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशीर अँटिया (१९२२–२००७) यांनी १९५०च्या दशकात पुण्याजवळील कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम सुरू केले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात चेहऱ्याची कातडी जंतूंनी भरून जाड होते आणि औषधांनी रोग हटला की तीच कातडी, लवचिक तंतू नष्ट झाल्याने, घड्याघड्यांनी लोंबते. कानाच्या पाळ्या लांबतात, भुवया झडतात, नाक बसते. तिशीतला बरा झालेला माणूस म्हातारा तर दिसतोच, शिवाय त्याचा चेहराच जुन्या रोगाची दवंडी पिटत राहतो. गाव त्याला घरात घेत नाही. जादा कातडी काढणे, पाळ्या लहान करणे, डोक्याच्या केसाळ कातडीची भुवई लावणे, नाक आतून उभारणे अशा शस्त्रक्रियांनी त्याला पुन्हा बाजारहाटात मिसळता येते. तंत्र तेच, टाके तेच. पण येथे पणाला लागलेले असते ते माणसाचे घर. याच अँटियांनी पुढे पुरंदर तालुक्यातील परिंचे परिसरात गावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविण्याच्या कामाला बळ दिले.

खर्चाच्या बाबतीतही हा भेद आडवा येतो. आरोग्य विमा पॉलिसीत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र सहसा ग्राह्य धरली जाते. बरे झालेल्या कुष्ठरुग्णांच्या पुनर्रचना शस्त्रक्रिया राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत मोफत केल्या जातात. हौसेने फेसलिफ्ट करणाऱ्याने शल्यविशारदाचे शुल्क, भूलतज्ज्ञ, रुग्णालय, औषधे आणि गुंतागुंत झाल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, हे सारे लेखी घ्यावे.

डॉक्टरांच्या पाटीवर ‘कॉस्मेटिक सर्जन’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीआरएनबी (पूर्वीची डीएनबी) ही पदव्युत्तर पात्रता आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी पाहावी. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, रात्री तातडीने कोण येईल, अतिदक्षता विभाग आहे का, हे प्रश्न विचारण्यात संकोच नको. दुपारच्या सुटीत उरकणारी ‘धाग्यांची’ फेसलिफ्ट किंवा भरावाची इंजेक्शने यांचा परिणाम सौम्य आणि अल्पकाळाचा असतो. त्यांना शस्त्रक्रियेचा पर्याय म्हणून विकले जात असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेऊन मगच पैसे भरावेत.