तापीच्या माशाला कोण विचारतो?

जळगावच्या लांडोरखोरी वनउद्यानाला २०२० साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. नाव लांडोरीचं, आणि मोराला तर राष्ट्रीय पक्षी म्हणून मान आहेच. चांगलं झालं. पण तिथून थोड्याच अंतरावर तापी वाहते. तिच्यातल्या माशांना असा मान कधी मिळाला का, म्हणून मी जुने कायदे चाळायला घेतले.

गंमत म्हणजे कायद्याला मासा आधी दिसला तो अन्न म्हणूनच. फ्रान्सिस डे याने १८७३ मध्ये हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्यातल्या माशांवर सरकारला अहवाल दिला. पुढे १८९७ चा मत्स्य कायदा आला. त्याने सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारायला बंदी केली. उद्देश साधा होता, उद्याही मासळी मिळावी! १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला तो वाघ-बिबट्यांची, पक्ष्यांची काळजी घेऊन. त्यात २००१ साली माशांची नावं घातली, तीही मुख्यतः व्हेल शार्क, समुद्रघोडा अशी समुद्रातली. नदीतला मासा मासळीबाजारातच राहिला.

मग त्याला ओळख दिली कोणी? संग्राहकांनी. कर्नल साइक्सने दख्खनचे, मुख्यतः भीमेच्या खोऱ्यातले मासे गोळा केले आणि १८३९ च्या सुमारास त्यांची वर्णनं छापली. नावं मात्र त्याने इथल्या लोकांच्या तोंडून उचलली. नाकाडावर खोल खाच असलेला आपला नकटा शास्त्रात 'नुक्टा' झाला, कोळस 'कोलस' झाला, शिंगटी 'सींगटी'. ती ज्यांनी सांगितली, त्यांची स्वतःची नावं कुठे राहिली नाहीत. असो.

गोळा करणं वाईट, असं मला वाटत नाही. नाव नसेल तर कायदा वाचवणार कोणाला? पण नाव झालं की हौशी लोकही जाळी घेऊन येतात. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात सापडलेल्या छोट्या माशाला २०२० मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे नाव मिळालं. स्थानिक लोक त्याला आधीपासून 'देवाचा मासा' म्हणत. एवढ्याशा जागेतला मासा. चार जणांनी मनावर घेतलं तर संपेल. पण २०२१ मध्ये सरकारने तिथली सुमारे २.११ हेक्टर जागा वारसा स्थळ केली. कायदा तोच, २००२ चा जैवविविधता कायदा, ज्याखाली लांडोरखोरी आली. माशासोबत त्याचं पाणीही राखलं, हे मला मोलाचं वाटतं.

तापीचं दुखणं वेगळं आहे. इथला महसीर विणीसाठी प्रवाहाच्या वर चढणारा, आणि वाटेत उकाई, हतनूरसारखी धरणं. जाळ्यावर बंदी घालून त्याची वाट मोकळी होत नाही. वर धरणांत कटला-रोहूचं बीज सोडायचं आणि टनावारी मोजून मत्स्यव्यवसाय वाढला म्हणायचं, ही आपली रीत.

त्याच २००२ च्या कायद्यात गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची सोय आहे. तापी, गिरणा, पांझरेकाठच्या म्हाताऱ्या भोयांना विचारून माशांची अहिराणी नावं त्यात नीट लिहिली, तर निदान काय गेलं आणि काय उरलं ते कळेल. साइक्सला सांगणारी माणसं निनावी राहिली. आता सांगणाऱ्याचं नावही शेजारी लिहावं.