माशांच्या रक्तातील परोपजीवी : प्रसारमार्गाचा शोध आणि उपचार

ट्रिपॅनोसोम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परोपजीवीचे पहिले दर्शन माणसाच्या किंवा गुरांच्या रक्तात झाले नाही. ते गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात झाले. १८४१ साली बर्न येथे गाब्रिएल व्हॅलेंटिन यांस ट्राउट माशाच्या रक्तात वळवळणारा एक सूक्ष्म जीव आढळला. १८४३ मध्ये दाव्हिद ग्रूबी यांनी बेडकाच्या रक्तातील तशाच जीवास 'ट्रिपॅनोसोमा' असे नाव दिले. ग्रीक भाषेत 'ट्रिपॅनॉन' म्हणजे गिरमिट व 'सोमा' म्हणजे देह. नाव समर्पक होते. परंतु नाव मिळाले म्हणजे ज्ञान झाले असे नव्हे. हा जीव एका माशातून दुसऱ्यात कसा जातो, हे उमगण्यास आणखी साठाहून अधिक वर्षे लागली; आणि ते उमगल्यावाचून रोगनिवारणाचा विचारच संभवत नव्हता.

१८९५ च्या सुमारास डेव्हिड ब्रूस यांनी आफ्रिकेतील गुरांच्या नगाना रोगाचा संबंध त्सेत्से माशीशी जोडला, तेव्हा रक्त शोषणाऱ्या प्राण्यांवर संशय दृढ झाला. पाण्यात अर्थातच तो जळूवर आला. १९०१ साली लॅव्हराँ व मेस्निल यांनी माशांच्या रक्तातील दोन कशाभिकांचा 'ट्रिपॅनोप्लाझ्मा' हा निराळा जीव वर्णिला. पुढील काही वर्षांत लेजे, ब्रुम्प्ट प्रभृतींनी या दोन्ही प्रकारच्या जीवांचा जळूच्या शरीरात मागोवा घेतला. या प्रयत्नांचा कळस म्हणजे म्यूरिएल रॉबर्टसन यांचा १९११ चा प्रबंध होय. रक्ताबरोबर जळूच्या पोटात गेलेले परोपजीवी तेथे वाढतात, त्यांची सडपातळ रूपे सोंडेच्या आवरणात येऊन थांबतात आणि पुढील दंशाच्या वेळी नव्या माशात शिरतात, असा क्रम त्यांनी दाखविला. जळू ही केवळ वाहक नसून परोपजीवीच्या जीवनचक्राचाच एक टप्पा आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले. याच संशोधिकेने पुढे युगांडात जाऊन माणसाच्या निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमाचे त्सेत्से माशीतील जीवनचक्र अभ्यासिले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

साहजिकच, तळ्यातील जळवा नाहीशा करणे हाच रोगप्रतिबंधाचा मुख्य मार्ग ठरला. मात्र हा निष्कर्ष अपुरा होता. सामन व ट्राउट माशांत रक्तक्षय, पोटफुगी व डोळे बाहेर येणे ही लक्षणे घडविणारा क्रिप्टोबिया साल्मोसिटिका हा परोपजीवी जळूवाचूनही पसरू शकतो, असे १९८३ साली कॅनडातील प्रयोगांनी सिद्ध केले. तो रोगी माशाच्या त्वचेवरील चिकट द्रवात येतो आणि एकाच हौदातील निरोगी माशांस गाठतो. दाटीने मासे पाळणाऱ्यास हा इशाराच होता.

औषधाचा इतिहास याहून अर्वाचीन आहे. पॅट्रिक वू व त्यांचे सहकारी यांनी परोपजीवीचे वारंवार संवर्धन करून त्याचा क्षीणबल वाण तयार केला व त्याची जिवंत लस माशांस टोचून पाहिली. ती संरक्षक ठरली. गुरांच्या ट्रिपॅनोसोम रोगावरील आयसोमेटॅमिडियम हे औषधही त्यांनी सामन माशांत वापरले. त्याने रक्तातील परोपजीवी घटतात, तथापि प्रत्येक माशात त्यांचे निर्मूलन होतेच असे नाही.

भारतातही हा प्रश्न परका नाही. मरळ माशाच्या रक्तातील ट्रिपॅनोसोमा स्ट्रायाटी या जातीचे वर्णन कादरी यांनी १९५५ साली केले. परंतु वरील इतिहास हेच सांगतो की, जातीचे वर्णन ही अभ्यासाची पहिली पायरी होय. तो जीव कोणत्या वाटेने फिरतो, ती वाट एकच आहे की अनेक, हे जेथे तपासले गेले तेथेच उपचारास आधार मिळाला.