अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंत आणि तिचे व्यवस्थापन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

मराठीत जिला अक्कलदाढ म्हणतात ती तिसरी दाढ साधारणपणे वयाच्या १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान उगवते. माणसाला समज येण्याच्या वयात येणारी म्हणून तिला हे नाव पडले. लॅटिन भाषेतील तिच्या नावाचा अर्थही शहाणपणाचा दात असाच आहे. जबड्यात जागा अपुरी पडल्यास ही दाढ तिरपी, आडवी अथवा हाडात अर्धवट अडकलेली राहते. त्यामुळे ती काढणे ही दंतशल्यचिकित्सेतील एक नित्याची शस्त्रक्रिया होऊन बसली आहे. नित्याची असली तरी ती निर्धोक मात्र नाही. रक्तस्राव, पू होणे, तोंड न उघडणे, जबड्याचे हाड मोडणे, दाढेची खोबण कोरडी पडून होणारी तीव्र वेदना आणि ओठ किंवा जीभ बधिर होणे, अशा अनेक गुंतागुंती तिच्यामागे येतात.

या गुंतागुंतींना वैद्यकाने कसे तोंड दिले याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. हा इतिहास बहुधा अवजारे आणि औषधे यांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ते खरे असले तरी अपुरे आहे. ज्या गुंतागुंतींवर उपाय सापडला त्या हळूहळू मागे पडल्या. जिच्यावर खात्रीचा उपाय सापडला नाही, तिने मात्र दाढ मुळात काढावी की नाही, हाच प्रश्न वैद्यकापुढे उभा केला.

प्राचीन व मध्ययुगीन दृष्टी

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील १६ व्या अध्यायात मुखरोगांचे वर्णन आहे. जबड्याच्या सर्वांत मागील दाढेपाशी मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणे या लक्षणांच्या व्याधीला तेथे ‘अधिमांस’ असे नाव दिले आहे. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरील हिरडी सुजते तेव्हा आजच्या दंतवैद्याला जे दिसते, त्याच्याशी हे वर्णन बरेच जुळते. मात्र दोन काळांतील रोगकल्पना भिन्न असल्याने ती दोन्ही एकच होत असे ठामपणे म्हणणे धाडसाचे ठरेल. चिकित्सास्थानाच्या २२ व्या अध्यायात हे वाढलेले मांस छेदून त्यावर औषधी चूर्ण मधासह लावण्यास सांगितले आहे. येथे उपचार मांसावर आहे, दाढेवर नाही.

त्याच अध्यायातील दुसरा आदेश अधिक लक्षणीय आहे. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये, असे सुश्रुत सांगतो. अतिरक्तस्रावामुळे घोर विकार होतात, दृष्टी जाते, तोंड वाकडे होते, अशी त्याची कारणमीमांसा आहे. शरीरशास्त्राच्या आजच्या ज्ञानात ती जशीच्या तशी बसत नाही. तथापि दंतोत्पाटनाच्या परिणामांचा विचार करून दात काढायचा की नाही हे ठरवण्याची रीत तीत स्पष्ट दिसते.

इ.स. १००० च्या सुमारास कॉर्डोबा येथील अल्-झहरावी याने आपल्या शल्यग्रंथात असेच इशारे दिले. दुखणारा दात नेमका कोणता याची खात्री करावी, भोवतीची हिरडी आधी सोडवावी, दात हळूहळू हलवून सैल करावा, असे तो लिहितो. अडाणी न्हावी घाईने दात मोडतात, मुळे आत ठेवतात किंवा जबड्याचे हाडच तोडतात, ही त्याची तक्रार आहे. हा दोष पुढे कित्येक शतके टिकला. अठराव्या शतकात युरोपात प्रचलित झालेले किल्लीच्या आकाराचे अवजार दाताला अडकवून पिळले जाई. त्याने दात निघे, परंतु हिरडी फाटणे व हाडाचा तुकडा निघणे हेही नेहमीचे असे. भूल नव्हती, त्यामुळे वेग हाच कसबाचा निकष होता, आणि वेगातूनच अर्धी गुंतागुंत जन्मास येत होती. १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन टोम्स याने प्रत्येक दाताच्या मानेच्या घडणीप्रमाणे चिमटे तयार करवून घेतले, तेव्हा अवजार दाताला जुळवून घेऊ लागले.

गळ्यापर्यंत पोहोचणारा पू

विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये मानेच्या एका भयंकर सुजेचे वर्णन केले. ‘लुडविग्स अँजायना’ या नावाने ती आजही ओळखली जाते. जिभेखालील जागा लाकडासारखी कठीण होते, जीभ वर उचलली जाते आणि रुग्ण गुदमरतो. खालच्या दुसऱ्या व तिसऱ्या दाढेशी या विकाराचा निकट संबंध असल्याचे पुढे स्पष्ट झाले. तोंडाच्या तळाशी स्नायूचा एक पडदा असतो. या दाढांची मुळे त्या पडद्याच्या पातळीखाली उतरतात. त्यामुळे तेथील पू तोंडात न फुटता सरळ मानेत उतरतो.

प्रतिजैविकांच्या पूर्वी या विकाराने गाठलेले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत असत. विल्यम्स या अमेरिकी चिकित्सकाने १९४० मध्ये दिलेल्या माहितीत मृत्यूचे प्रमाण शेकडा ५४ होते. त्याने गुरालनिक याच्यासह १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ते शेकडा १० पर्यंत खाली आलेले दिसते. हा काळ येथे महत्त्वाचा आहे. पेनिसिलिन त्या वेळी सामान्य रुग्णांच्या हाती आलेले नव्हते. श्वासमार्ग आधी मोकळा ठेवणे आणि पू होण्याची वाट न पाहता छेद देऊन दाब कमी करणे, या दोन गोष्टींनी हा फरक घडवला. दंतवैद्यकातील मृत्यू प्रतिजैविकांनी थांबवले, हे सरधोपट विधान त्यामुळे थोडे सुधारून घ्यावे लागते. पेनिसिलिनने हे यश पक्के केले, पण त्याचा प्रारंभ शल्यचिकित्सकाच्या निर्णयातून झाला होता.

कोरडी खोबण

दात काढल्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सूज उतरू लागली असताना, एकाएकी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. खोबणीत रक्ताची गुठळी नसते, उघडे हाड दिसते. जेम्स क्रॉफर्ड या अमेरिकी दंतवैद्याने १८९६ मध्ये या अवस्थेला ‘ड्राय सॉकेट’ हे नाव दिले. ती जीवघेणी नसल्यामुळे इतिहासलेखनात तिला फारशी जागा मिळाली नाही. रुग्णाच्या दृष्टीने मात्र दाढ काढल्याची आठवण म्हणजे बहुधा हीच कळ होय. सर्वसाधारण दंतोत्पाटनात तिचे प्रमाण शेकडा १ ते ५ सांगितले जाते. खालच्या अक्कलदाढेबाबत ते त्याच्या कित्येक पट आढळते.

नाव मिळाले तरी कारण कळण्यास पाऊण शतक लागले. तोवर खोबण खरवडणे, आयोडोफॉर्मची पट्टी भरणे, लवंगेच्या तेलातील युजेनॉल वापरणे असे उपाय अनुभवावर चालत होते. त्यांपैकी खरवडण्याने अपायच अधिक होई. १९७३ मध्ये डेन्मार्कमधील बिर्न याने दाखवून दिले की गुठळी नुसती पडून जात नाही. इजा झालेल्या हाडातून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे ती विरघळवली जाते. धूम्रपान व गर्भनिरोधक गोळ्या यांच्याशी असलेला संबंधही पुढील अभ्यासांतून आढळला. पहिल्या दिवशी चूळ भरू नये, जोराने थुंकू नये, विडी-सिगारेट ओढू नये, या आजच्या साध्या सूचनांचा हेतू ती गुठळी जपणे हाच आहे. वेदना झालीच तर खोबण हळुवार धुऊन शामक औषध भरतात; खरवडणे आता टाळले जाते.

येथेच एका विरळ गुंतागुंतीची नोंद करावयास हवी. टर्नबुल याने १९०० मध्ये एका सैनिकाची हकिगत प्रसिद्ध केली. दात काढून घेतल्यावर त्याने बिगुल वाजवला आणि हवा ऊतींत शिरून त्याचा चेहरा फुगला. १९५७ नंतर हवेच्या दाबावर फिरणारी वेगवान यंत्रे आली, तेव्हा अक्कलदाढ कापताना हीच गोष्ट शल्यचिकित्सकाच्या हातून घडू लागली. त्यामुळे हवा मागे सोडणारी वेगळी यंत्रे या शस्त्रक्रियेसाठी वापरात आली.

मज्जातंतूचा प्रश्न

विल्यम हॅलस्टेड व रिचर्ड हॉल यांनी १८८४ मध्ये कोकेन टोचून खालच्या जबड्याचा मज्जातंतू बधिर करून दाखवला. १९०५ मध्ये नोव्होकेन वापरात आले आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. या बधिरतेमुळे शल्यचिकित्सकाला वेळ मिळाला, घाई संपली. परंतु जो मज्जातंतू तात्पुरता निजवला जातो तोच अक्कलदाढेच्या मुळांलगतच्या नलिकेतून जातो. भूल उतरण्याची वेळ उलटून गेली तरी खालचा ओठ जागा होत नाही, तेव्हा इजा ध्यानात येते. अशा रुग्णाला चहा ओघळलेला कळत नाही, ओठ चावला जातो. बहुतेकांची जाणीव काही आठवड्यांत वा महिन्यांत परतते. ज्यांची परतत नाही त्यांचे प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. मात्र ही शस्त्रक्रिया लक्षावधी लोकांवर होते, हे ध्यानात घेता ती संख्या लहान राहत नाही.

या इजेवर औषध नसल्याने प्रयत्न झाले ते अंदाज बांधण्याचे. राँटगेनच्या शोधाची वार्ता प्रसिद्ध झाल्यावर जानेवारी १८९६ मध्येच ओटो वॉल्कहॉफ याने स्वतःच्या दातांचे क्ष-किरण चित्र घेतले. त्यासाठी त्याला २५ मिनिटे स्थिर राहावे लागले. जॉर्ज विंटर याने १९२६ मधील आपल्या ग्रंथात अडकलेल्या दाढेचे तिच्या कलानुसार वर्गीकरण केले. पेल व ग्रेगरी यांनी १९३३ मध्ये खोली व उपलब्ध जागा यांची भर घातली. मूळ आणि नलिका यांची जवळीक सुचवणारी क्ष-किरण चित्रातील चिन्हे रूड व शेहाब यांनी १९९० मध्ये तपासली. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्रिमित चित्रण आले.

जिभेच्या मज्जातंतूची कथा वेगळी आहे. तो दाढेच्या आतील बाजूस, कित्येकदा हिरडीलगतच असतो आणि क्ष-किरण चित्रात दिसत नाही. ब्रिटनमध्ये केल्सी फ्राय यांच्या नावाशी जोडलेली आणि वॉर्ड यांनी १९५६ मध्ये वर्णिलेली पद्धत अशी होती की, छिन्नी-हातोडीने जिभेकडील हाडाचा पातळ पापुद्रा फोडून दाढ बाहेर काढायची. ती झपाट्याने होई व जखम स्वच्छ राही. भारतीय दंतमहाविद्यालयांतही ती शिकवली गेली. तथापि तिचा मार्ग नेमका त्या मज्जातंतूजवळून जात होता, आणि जिभेच्या तात्पुरत्या बधिरतेचे प्रमाण तीत अधिक आढळले. मज्जातंतूच्या रक्षणासाठी मध्ये धातूची पट्टी सरकवण्याची रीतही पुढे वादग्रस्त ठरली, कारण त्या पट्टीनेच तो ताणला जात होता.

न काढण्याचा निर्णय

दाढ लवकर काढावी, कारण वयाबरोबर हाड कठीण होते व गुंतागुंत वाढते, असा विचार विसाव्या शतकात रूढ झाला होता. त्यातून त्रास नसलेल्या दाढाही सर्रास काढल्या गेल्या. १९७९ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या परिषदेत त्रासदायक दाढांविषयी एकमत झाले, निरुपद्रवी दाढांविषयी झाले नाही. इंग्लंडमध्ये २००० साली ‘नाइस’ या संस्थेने रोगमुक्त अडकलेल्या दाढा केवळ खबरदारी म्हणून काढणे थांबवावे, अशी मार्गदर्शिका काढली. परिणाम मात्र सरळ आले नाहीत. मॅकआर्डल व रेंटन यांच्या २०१२ च्या अभ्यासानुसार रुग्णांचे सरासरी वय २५ वरून ३२ वर गेले, आणि शेजारील दुसरी दाढ किडल्यामुळे होणाऱ्या शस्त्रक्रिया वाढल्या. ‘नाइस’च्या सल्ल्याने एक जोखीम टळली खरी, पण काही रुग्णांत ती वाढत्या वयावर ढकलली गेली.

या दोन टोकांमधील वाट म्हणजे दाढेचा वरचा भाग कापून मुळे जागीच ठेवणे. एक्युए व देबियाँ यांनी १९८४ मध्ये ती सुचवली. २००५ मध्ये रेंटन व सहकाऱ्यांनी धोका मुळातच अधिक असलेल्या रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. संपूर्ण दाढ काढलेल्यांपैकी सुमारे शेकडा १९ जणांना बधिरता आली, तर मुळे यशस्वीपणे मागे ठेवलेल्यांत कोणालाही आली नाही. अल्-झहरावीने ज्याला अडाणीपणा म्हटले, ती मागे राहिलेली मुळे येथे जाणूनबुजून ठेवलेली आहेत.

भारतात मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले आणि १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने या व्यवसायाला कायद्याची चौकट मिळाली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात संमतीपूर्वी उपचाराचे स्वरूप, त्यातील मोठे धोके, उपलब्ध पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला सांगितले पाहिजेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तो खटला दंतवैद्यकातील नव्हता, परंतु संमतीचे हे तत्त्व अक्कलदाढेलाही लागू पडते. ओठ कायमचा बधिर होण्याची शक्यता, मुळे मागे ठेवण्याचा पर्याय आणि दाढ तशीच राहू दिल्यास काय होईल, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणे त्यामुळे आता शस्त्रक्रियेचाच भाग झाले आहे. रुग्णाची सही मात्र पुष्कळदा इंग्रजी छापील नमुन्यावर, खुर्चीत बसल्यानंतर घेतली जाते.