अंगणातून तबकडीवर

संगीतकार शोपँचे पियानोवरचे नॉक्टर्न (‘रात्रीचे संगीत’) आज आपण ऐकतो ते बहुधा रात्री, एकट्याने, कानाला हेडफोन लावून. पण या नावाचे मूळ शोधत मागे गेलो, तर आपण थेट गजबजलेल्या मेजवानीत जाऊन पोहोचतो. अठराव्या शतकात ‘नोत्तुर्नो’ म्हणजे संध्याकाळच्या करमणुकीसाठी, पुष्कळदा उघड्यावर, अनेकांनी मिळून वाजवायचे संगीत. मोत्सार्टच्या १७७६ च्या ‘सेरेनाता नोत्तुर्ना’त तंतुवाद्यांचे दोन ताफे आहेत आणि जोडीला चक्क नगारे!

या गर्दीतून रात्र बाहेर काढून ती एका माणसाच्या दहा बोटांवर ठेवली जॉन फील्डने. डब्लिनमध्ये १७८२ साली जन्मलेला हा मुलगा लंडनला मुझिओ क्लेमेंटीकडे शिकायला राहिला. क्लेमेंटी संगीतकार खरा, पण पियानोंचा व्यापारीही; गिऱ्हाइकांपुढे पियानो वाजवून दाखवायचे काम या शिष्याकडे. १८०२ मध्ये गुरूबरोबर तो सेंट पीटर्सबर्गला गेला आणि रशियातच रमला. तिथेच १८१२ मध्ये त्याची पहिली नॉक्टर्न छापली गेली. उजव्या हाताने गळ्यातून यावी तशी सुरावट आळवायची, डावा हात दूरदूरचे स्वर एकेक करून पेरत जाणार आणि पायाखालचा पेडल ते स्वर विझू देणार नाही. पियानोपूर्वीच्या हार्पसिकॉर्डवर हे जमलेच नसते. दुकानात वाद्याची नस ओळखलेल्या माणसालाच ही युक्ती सुचावी, असे मला वाटते.

शोपँने हा साचा उचलला आणि त्यात बेलिनीच्या ऑपेरांची आठवण करून देणारी गायकी ओतली. १८३२–३३ मध्ये त्याची ओपस ९ ची तीन नॉक्टर्न प्रसिद्ध झाली, तेव्हा बर्लिनचा समीक्षक रेलश्टाब फील्डच्या तुलनेत ती उणी ठरवून मोकळा झाला. काळाने निकाल फिरवला, इतका की फील्ड आता ‘शोपँच्या आधीचा’ म्हणूनच आठवतो. शोपँ मात्र छापील प्रतीला शेवटचा शब्द मानणारा नव्हता. शिष्यांच्या प्रतींवर तो पेन्सिलीने नव्या हरकती लिहून देई.

ध्वनिमुद्रण आले आणि या चंचल संगीताला एक ठाम रूप मिळाले. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेचार मिनिटे मावत; ओपस ९ चे दुसरे नॉक्टर्न तेवढ्यात बसते, ओपस ४८ चे पहिले मात्र मध्येच तबकडी उलटायला लावते. पियानोवादक आर्थर रुबिनश्टाइनने १९३६–३७ मध्ये लंडनला नॉक्टर्नचा संच मुद्रित केला, १९४९–५० मध्ये पुन्हा आणि १९६५ मध्ये तिसऱ्यांदा. पण मला जास्त मोह राऊल कोचाल्स्कीच्या १९३८ च्या तबकडीचा. त्याचे गुरू कारोल मिकुली, आणि मिकुली खुद्द शोपँचे शिष्य. ओपस ९ चे ते लाडके दुसरे नॉक्टर्न वाजवताना कोचाल्स्की छापील स्वरांवरून अलगद घसरतो आणि त्या पेन्सिलीतल्या हरकती घेतो.