पाच पाकळ्यांचा स्क्रू

आमच्या लहानपणी 'पातळ' हा शब्द दोनच ठिकाणी शोभायचा. एक अळूच्या भाजीला, आणि दुसरा दिवाळीत आईसाठी आणलेल्या लुगड्याला. बाकी पातळ म्हणजे वाईट. दूध पातळ तर गवळी वाईट, आमटी पातळ तर खानावळ वाईट, आणि पगाराचं पाकीट पातळ तर नशीबच वाईट. त्यामुळे २०१४ साली आमचे चिरंजीव कॅलिफोर्नियाहून आले, आपला वर्षभर वापरलेला 'मॅकबुक एअर' त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि "बाबा, केवढा पातळ आहे बघा!" असं कौतुकानं म्हणाले, तेव्हा माझ्या कपाळावर आठी पडली. वस्तू चांगली असती तर ती देताना जाडीबद्दल कोण बोलतं?

पण लॅपटॉप चांगला निघाला. त्याच्या पोटात १२८ जीबी जागा होती. १९८४च्या सुमाराला बँकेत संगणक येणार म्हणून ज्यानं छातीला काळी फीत लावून घोषणा दिल्या, त्या माणसाला १२८ जीबी म्हणजे किती, हे कळायचं काही कारण नव्हतं. मला वाटलं, हा माळा आता जन्मात भरायचा नाही. आपल्याकडे प्रत्येक नव्या घरातल्या माळ्याबद्दल हेच वाटतं.

तो २०२३च्या पावसाळ्यात भरला. निम्मा माळा एका पुतणीच्या लग्नातल्या फोटोंनी व्यापला होता. तेच नवरानवरी, तेच ताट, तोच घास. फक्त चाळीस वेळा. पण एका कोपऱ्यात सदतीस ध्वनिफिती होत्या. माझी थोरली बहीण, अक्का, २०१५ साली आमच्याकडे महिनाभर राहिली होती. आमच्या हिनं तिच्यासमोर हाच लॅपटॉप उघडा ठेवून तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या. मधेमधे कुकरच्या शिट्ट्या आहेत, एका ठिकाणी माझं "चहा झाला का?" आहे, पण आवाज अक्काचा आहे. आता अक्का शहाऐंशीची आहे आणि मला आमच्या वारलेल्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारते. ओव्यांचं तर नावच नको.

"दुसरीकडे कुठे उतरवून ठेवल्यात का हो त्या?" हिनं विचारलं.

"ठेवू या की," मी म्हटलं. हे उत्तर मी आठ वर्षं देत होतो.

एका चकचकीत दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं लॅपटॉप उलटा करून नंबर पाहिला आणि अतिशय सहानुभूतीनं म्हणाली, "सर, हे ऑब्सोलीट झालंय." क्षणभर मला वाटलं, ती माझ्याबद्दलच बोलतेय. पुढे म्हणाली, नवीन घ्या. किंवा क्लाउडवर जागा घ्या, महिन्याला थोडेसे पैसे कापले जातात. म्हणजे स्वतःच्या अक्काचा आवाज ठेवायला मी आभाळात भाड्याची खोली घ्यायची! त्यापेक्षा आतली डिस्कच बदलून मोठी बसवता येणार नाही का, असं मी विचारलं. त्यावर तिनं माझ्याकडे, फ्रिज उघडून आतली थंडी बदलायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं, तसं पाहिलं.

आता बँकेतल्या माणसाला एक खोड असते. खात्याचा घोळ झाला की तो पहिल्या पानापासून लेजर चाळायला लागतो. मी डिस्कचं लेजर चाळलं.

पहिलं पान १९५६ सालचं. सॅन होजे इथल्या आयबीएमच्या मंडळींनी 'रॅमॅक' नावाचं यंत्र काढलं. त्यात जेवणाच्या परातीला लाजवतील अशा चोवीस इंची पन्नास चकत्या एकावर एक रचून फिरवलेल्या, वजन टनाहून जास्त, आणि एवढ्या पसाऱ्यात मावायची पन्नास लाख अक्षरं. आपल्या हिशेबानं पावणेचार एमबी, म्हणजे पुतणीच्या लग्नातला एक फोटो. आणि त्यातही वऱ्हाडी जास्त असतील तर तोही नाही. १९५९ साली ख्रुश्चॉव्हसाहेब सॅन होजेचा तो कारखाना बघायला गेले. यंत्रापेक्षा त्यांना तिथली, प्रत्येकानं आपलं ताट आपण घेऊन वाढून घ्यायची खानावळच जास्त आवडली, असं सांगतात. मला हा गृहस्थ एकदम जवळचा वाटू लागला.

पण लेजरमध्ये माझं बोट अडलं ते दुसऱ्याच नोंदीवर. रॅमॅकचं भाडं होतं महिना ३२०० डॉलर, आणि बहुतेक गिऱ्हाइकं ते भाड्यानंच घेत. म्हणजे यंत्र तुमच्या घरात, वीज तुमची, हिशेब तुमचे; पण उघडायला यायचा तो कंपनीचा माणूस. तुम्ही भाडेकरू. भिंतीला खिळा मारायचा तर मालकाला विचारा.

मधल्या तीसेक वर्षांत भाडेकरूंना घरं मिळाली. डिस्क आकसत आकसत डब्याएवढी झाली, घरगुती संगणक आले, त्यांना साधे चौफुलीचे स्क्रू असत आणि कुणीही उठावं आणि उघडावं. आमच्या शेजारचा अकरावीतला मुलगा बनियनवर बसून संगणकाची आतडी बाहेर काढायचा आणि रात्री जेवायच्या आत परत भरायचा.

इकडे जपानात तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका नावाचे गृहस्थ वेगळ्याच नादाला लागले होते. फिरणारी चकती नको, सुई नको, मोटर नको. सिलिकनच्या पाटीवर असंख्य बारीक खोल्या, त्यांना चहूबाजूंनी विजेला न भेदता येईल अशा भिंती, आणि आत कोंडलेले इलेक्ट्रॉन. दिवे गेले तरी कोंडलेले ते कोंडलेलेच. खोली भरलेली की रिकामी, एवढ्यावरून अक्षर ओळखायचं. १९८४ साली त्यांनी ही युक्ती सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडली, १९८७ साली तिची सुधारलेली, दाटीवाटीची जात आणली. सगळं एकदम पुसलं जातं ते कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं, म्हणून एका सहकाऱ्यानं नाव सुचवलं 'फ्लॅश'. पुढे या फ्लॅशवर कंपन्या गबर झाल्या, आणि मासुओकांना आपल्या वाट्यासाठी २००४ साली जुन्या मालकावर दावा लावावा लागला. मागितले शंभर कोटी येन, २००६ साली तडजोड झाली ८ कोटी ७० लाखांवर. बँकेत असताना एका युक्तीनं मी ताळेबंदाची सात पैशांची चूक शोधली होती. साहेबांनी मला पेन दिलं होतं. तेव्हापासून मला मासुओकांचं दुःख समजतं.

फ्लॅशची पहिली विक्रीयोग्य डिस्क आली १९९१ साली. ती काढणारी सनडिस्क, म्हणजे पुढची सॅनडिस्क, १९८८ साली ज्या तिघांनी उभी केली त्यांतले एक संजय मेहरोत्रा, मूळचे कानपूरचे. आयबीएमसाठी केलेल्या त्या डिस्कवर वीस एमबी मावत आणि किंमत होती सुमारे हजार डॉलर. माझ्यासारख्याला पाचशे जीबी हवी, तर त्या भावानं अडीच कोटी डॉलर पडले असते. हा हिशेब मी हिला दाखवला. ती म्हणाली, "मग वाट बघितली ते बरंच झालं म्हणायचं."

आता पातळपणाकडे येतो. १५ जानेवारी २००८ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी व्यासपीठावर कागदी पाकिटातून पहिला 'एअर' बाहेर काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या बँकेत तसल्या पाकिटातून बदलीचा हुकूम निघायचा, त्यामुळे मी टाळ्या वाजवल्या नसत्या. त्या पहिल्या एअरमध्ये ८० जीबीची गरगर फिरणारी छोटी चकती होती. फ्लॅश हवी तर ६४ जीबीला ९९९ डॉलर वर मोजायचे. २०१० साली चकती गेली आणि च्युइंगमच्या कांडीसारखी फ्लॅशची पट्टी आली. पट्टी काढता येत होती. पण तिची खाच जगावेगळी, आणि बाहेरचा स्क्रू पाच पाकळ्यांचा. चारचौघांच्या घरातला कुठलाही स्क्रू-ड्रायव्हर त्यात बसेना. शत्रूसाठी किल्ल्याला खंदक ठेवलेला आपण ऐकलाय. इथे खंदक घरमालकासाठी होता.

अमेरिकेतही आमच्या शेजारच्या मुलासारखी मुलं असतात, हे कळून बरं वाटलं. दुरुस्तीची वेड असलेल्या आयफिक्सिट नावाच्या मंडळींनी पाच पाकळ्यांचे स्क्रू-ड्रायव्हर विकायला काढले. लॅरी ओकॉनर नावाच्या माणसानं शाळकरी वयात, १९८८ साली, सुरू केलेल्या अदर वर्ल्ड कंप्युटिंग या कंपनीनं थोड्याच महिन्यांत त्या जगावेगळ्या खाचेत बसणारी स्वतःची मोठी पट्टी बाजारात आणली. मग २०१२ साली खाच बदलली. २०१३ साली पुन्हा बदलली. हा पाठलाग वाचताना मला आमच्या वाड्यातला नळ आठवला. मालक रोज नवीन कुलूप लावायचे आणि बिऱ्हाडकरू रोज नवीन किल्ली करायचे.

शिवाय कुलूप नुसतं लोखंडाचं नव्हतं. आतही होतं. ते समजावून सांगायला पंगतीचं उदाहरण घ्यावं लागेल. फ्लॅशमध्ये मजकूर लिहितात तो पानांवर. तांत्रिक भाषेतही त्याला पानच म्हणतात. पण एकेक पान वेगळं उचलता येत नाही, अख्खी पंगत उठल्यावरच पुसता येते. आता आपण फाइल खोडली, म्हणजे पाहुणा हात धुवून गेला. पण पट्टीला हे कळत नाही. ती उष्टं पान जपत बसते, आणि नवी पंगत बसवायची वेळ आली की धांदल. म्हणून यंत्रानं पट्टीला 'अमुक पान उठलं' असं सांगायचं, या निरोपाला 'ट्रिम' म्हणतात. ॲपलचं यंत्र हा निरोप स्वतःच्या पट्टीला सांगे, परक्या पट्टीला आपणहून सांगत नसे. सोयऱ्यांच्या पंगतीला आग्रह, आणि बाकीच्यांनी आपलं आपण बघावं! २०१५ साली एक आज्ञा आली. ती दिली की परक्या पट्टीलाही निरोप जाऊ लागला. मात्र पुढचं बरंवाईट तुमचं तुम्ही पाहा, असं आधी बजावून. २०१७मध्ये सर्वसाधारण बाजारातली, कुठल्याही दुकानात मिळणारी वेगवान पट्टीही ते यंत्र ओळखू लागलं. खाचेचा फरक भरून काढायला बोटभर अडॅप्टर निघाला होताच.

म्हणजे दार किलकिलं झालं होतं. पण कुणासाठी? माझ्यासारख्या जुन्या बिऱ्हाडकरूंसाठीच. कारण २०१५च्या बारा इंची मॅकबुकमध्ये आणि २०१८पासूनच्या एअरमध्ये साठवणीच्या चिपा थेट मुख्य पाटीला डाखच देऊन बसवल्या. नवी खाच नाही, कुलूप नाही, दारच नाही. पातळ करता करता उघडण्याचं कारणच काढून टाकलं. जागा कमी पडली तर आहेच आभाळातली खोली, महिन्याच्या भाड्यानं. रॅमॅकचे मालक परत आले होते, फक्त या वेळी यंत्राचे पैसेसुद्धा आपणच भरायचे होते.

तपकीर गल्लीत माझा नंबर लागला तो एका अरुंद दुकानात. गल्ल्याच्या मागे पंचविशीचा मुलगा. त्यानं लॅपटॉप न उलटवता साल सांगितलं. "२०१३. होईल काका. पट्टीचे साडेतीन हजार, अडॅप्टरचे पाचशे." आणि मग डॉक्टर जसं 'सकाळपासून काही खाल्लं नाही ना' म्हणून विचारतात तसं विचारलं, "बॅकअप आहे?"

मी म्हटलं, "घेऊ या की."

तो हसला नाही. त्यानं बाहेरची एक डिस्क जोडली. "आधी सगळं हिच्यावर उतरवू. ही जुनी पट्टी दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये बसणार नाही काका. खाच वेगळी. उद्या हे मशीन बंद पडलं असतं, तर पट्टी धडधाकट असूनही तुम्हाला आतलं काढता आलं नसतं, विशेष डबी शोधेपर्यंत." मी हिच्याकडे बघायचं टाळलं. आठ वर्षं 'ठेवू या की' म्हणणाऱ्या माणसाला नजर ठेवायला जागा लागते, आणि दुकान अरुंद होतं.

उतरवायला दीड तास लागला. मधे दोनदा चहा झाला. मग त्यानं पाच पाकळ्यांचा स्क्रू-ड्रायव्हर काढला. दहा स्क्रू. आठ आखूड, बिजागरीकडचे दोन लांब. एका पुठ्ठ्यावर त्यानं लॅपटॉपचा चौकोन काढला आणि जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवला. ही नीटस पद्धत मला इतकी आवडली की मी त्याला बँकेत नोकरी देऊन टाकली असती. झाकण उघडलं तर आत नव्वद टक्के बॅटरी, आणि कोपऱ्यात एकाच स्क्रूवर धरलेली ती पट्टी. एवढ्यात अक्का? त्यानं आधी बॅटरीची जोडणी सोडवली, पट्टी अलगद उपसून माझ्या तळहातावर ठेवली आणि नवी बसवली. सगळं मिळून चार मिनिटं. सत्तर वर्षांचा इतिहास मी वाचून आलो होतो तो या चार मिनिटांसाठी.

"एक लक्षात ठेवा," संध्याकाळी लॅपटॉप हातात देताना तो म्हणाला. "या सालच्या मशीनला परकी पट्टी बसवली की ते फार गाढ झोपलं तर उठत नाही. मी गाढ झोप बंद करून ठेवलीय. नुसती डुलकी चालेल."

"यांचंही तसंच आहे," ही म्हणाली.

त्या रविवारी अक्काकडे गेलो. मांडीवर तो पातळ लॅपटॉप ठेवला आणि सदतिसांतली पहिली लावली. अक्का भिंतीकडे बघत ऐकत होती. कुकरची शिट्टी झाली, माझा चहा झाला, तरी चेहऱ्यावर काही नाही. ही कोण म्हणतेय, असं तिनं विचारलं. हिनं सांगितलं, "अहो अक्का, तुम्हीच." अक्कानं ते मनावर घेतलं नाही. दुसरी लागली. तिसरी लागली. चौथीच्या मधेच तिनं हात वर केला.

"चुकली गं ही," अक्का म्हणाली. "असं नाही ते." आणि मान जराशी तिरकी करून तिनं ती ओळ बरोबर म्हटली.

हिनं मला कोपर मारलं. "रेकॉर्ड करा ना! जागा आहे ना आता?"