माशाचा भाला: तापीकाठापासून प्रवाळापर्यंत

चांदनी हे खंडवा-भुसावळ लोहमार्गावरचं छोटं स्टेशन. एका बाजूला असीरगढ रोड, दुसऱ्या बाजूला नेपानगर. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तरी आमच्या मंडळाच्या बैठकीत मस्कतला नोकरी करणाऱ्या एका तरुण सभासदाने विचारलं, "काका, तिकडे समुद्रात भाल्याने मासे मारायला शिकतोय. याला काही इतिहास आहे का, की हा नुसता परदेशी खेळ?" तेव्हा तिथल्या तिथे जमलं नाही, म्हणून हे उत्तर सवडीने लिहितो आहे.

तापीकाठचं चित्र

इतिहास आहे, आणि तो आपल्याच नदीवर सापडतो. मुलताईहून निघालेली तापी बऱ्हाणपूरवरून खानदेशात उतरते. तिथे तिच्या काठी सावळदा हे गाव आहे. सुमारे 4,000 वर्षांपूर्वीच्या एका ताम्रपाषाण संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. तिची खूण म्हणजे तिची रंगवलेली मडकी. त्यांवर काळ्या रंगात प्राणी आहेत, मासे आहेत, बाणांची टोकं आहेत आणि उलट्या दातांचे भाले, म्हणजे हार्पूनही आहेत. रोज ज्याच्याशी संबंध येतो तेच माणूस घरच्या मडक्यावर काढतो, असं मला वाटतं.

उलटा दात ही छोटी गोष्ट नव्हे. साधा भाला माशात घुसतो, पण मासा एक हिसका देऊन सुटतो. दात मागे वळवला की आत जाताना अडत नाही आणि बाहेर येताना मांसात अडकतो. गंगा-यमुनेच्या दुआबात तांब्याचे असे हार्पून सापडले आहेत. त्यातला पहिला 1822 मध्ये कानपूरजवळ बिठूरला मिळाला. त्यांच्या बुडाशी दोर बांधायला भोक किंवा उंचवटा असतो. ते माशांसाठी होते की मोठ्या जनावरांसाठी, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण दाताचं आणि दोराचं गणित आजच्या भाल्यातही तेच आहे.

पाऊण हिश्शाचं गणित

मत्स्यवेध म्हटलं की आपल्याला अर्जुन आठवतो. लोककथेत मासा वर फिरतो आणि अर्जुन खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब पाहतो. खऱ्या मासे मारणाऱ्याचं उलट असतं. मासा खाली असतो आणि त्याची प्रतिमा वर दिसते. पाण्याचा अपवर्तनांक 1.33 आहे. त्यामुळे अगदी सरळ वरून पाहिलं तरी चार फूट खोल असलेला मासा तीन फुटांवर दिसतो, तिरकं पाहिलं तर त्याहूनही वर. म्हणून भाला मारायचा तो दिसणाऱ्या माशाच्या खाली. हे सूत्र शिकायला शाळा लागत नाही, चार वेळा नेम चुकला की हाताला कळतं. अंदमानातले ओंगे आणि जारवा लोक उथळ प्रवाळावर उभे राहून धनुष्यबाणाने मासे टिपत आले, ते याच हिशेबावर.

मग पाण्यात शिरूनच का मारत नव्हते? कारण उघड्या डोळ्यांना पाण्याखाली धूसर दिसतं. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं काम हवेत चालतं, पाण्यात ते जवळजवळ थांबतं. डोळ्यापुढे हवेची फट ठेवणारी काच लावली की दृष्टी परत येते. भूमध्य समुद्राच्या फ्रान्सकडच्या किनाऱ्यावर 1930 च्या दशकात असे चष्मे घालून भाल्याने मासे मारायचं वेड पसरलं. अमेरिकन लेखक गाय गिलपॅट्रिक याने 1938 मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. पुढे जगाला समुद्राचं वेड लावणारा कुस्तो हाही 1936 मध्ये असाच चष्मा लावून पहिल्यांदा पाण्यात डोकावला.

गंमत अशी की तो पाऊण हिस्सा इथेही सुटत नाही. काचेतून पाहताना चार मीटरवरचा मासा तीन मीटरवर असल्यासारखा दिसतो, शिवाय जवळपास एक तृतीयांश मोठा. नवशिक्या घाईने सोडतो आणि भाला अलीकडेच संपतो. परत येऊन सांगतो तो मासाही तितकाच मोठा असतो!

गळ, जाळं आणि भाला

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमारास लिहिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. नदीतले आणि समुद्रातले मासे कोणते, त्यांना आमिष काय लावायचं, हे त्यात तपशिलाने येतं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. पण राजाचा हा विनोद गळाचा आहे. गळाला काय लागेल ते आमिष आणि नशीब ठरवतं. जाळ्यात जे येईल ते येतं, निवड नंतर होते. भाल्यात मात्र निवड आधी होते. मासा दिसतो, मग हात उठतो.

म्हणून भाल्याची मासेमारी सगळ्यात निर्दोष, असं हौशी लोक सांगतात. मीही तसंच मानत होतो. पण निवडणारा हात नेहमी सर्वात मोठा मासा निवडतो, आणि तिथेच घात आहे. उबदार समुद्राच्या खडकांत राहणारा हेकरू घ्या. याच्या बहुतेक जाती जन्मतः मादी असतात आणि मोठ्या झाल्यावर त्यातले काही नर होतात. मोठे मासे टिपले की त्या खडकावरचे नरच संपतात. उरलेल्या माद्या भरपूर दिसतात, पण पुढची पिढी अडते. या कुळातला सर्वात मोठा, महाकाय हेकरू, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे.

हा दोष फक्त परदेशी खेळाचा नाही. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला ओढ्यांत आणि शेतांत चढतात. लोक रात्री पूर्वी चूड पेटवून, आता बॅटरी घेऊन, कोयतीने ते मारतात. त्या एका घावात पोटातली अंडीही जातात. आपल्या मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नदीतली मासेमारी बंद असते, ती याच कारणासाठी.

सुरुवात करणाऱ्याला

तेव्हा मित्रा, तुझा खेळ परका नाही. आधी तिथले नियम वाच, परवाना कुठे लागतो, कोणते मासे वर्ज्य आहेत ते बघ. हवेची टाकी पाठीवर घेऊन भाला चालवायला अनेक देशांत बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. दमावर बुडी मारणाऱ्याला परत वर यावं लागतं, तेवढी तरी माशाला सवलत मिळते.

दमाशी मात्र खेळू नकोस. बुडीआधी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यावासा वाटत नाही, आणि प्राणवायू संपून माणूस वर येता येता बेशुद्ध पडतो. म्हणून एकट्याने जायचं नाही. एक जण खाली असेल तेव्हा दुसऱ्याने वर थांबून लक्ष ठेवायचं.

आणि पहिला हंगाम भाला घरीच ठेव. नुसती काच लावून पोह, मासे ओळखायला शीक. सावळद्याच्या चितारणाऱ्याने मडक्यांवर हार्पून काढले तसे मासेही काढले. ज्याला मासा काढता येतो, त्याने तो आधी नीट पाहिलेला असतो.